सरकारविरुद्ध एकत्र दावा करताय? वर्गणीआधी कागद बघा

गोव्यातले दुकानदार एकत्र येतात, पाच-पाच हजार काढतात, वकील गाठतात आणि पहिल्याच प्रश्नाला अडतात: दावा नक्की कोणाच्या नावे?

संघटना सोसायटी म्हणून नोंदलेली असेल तर 1860 च्या सोसायटी कायद्याचं कलम 6 बघा. नियमावलीत ठरलेल्या पदाधिकाऱ्याच्या नावे दावा होतो. तसं काही ठरलेलं नसेल तर कार्यकारिणीने त्या कामापुरता माणूस नेमावा. ठरावात दावा करणे, वकील नेमणे आणि निधी खर्चणे हे तिन्ही स्पष्ट लिहा. ‘योग्य ती कारवाई करावी’ एवढ्यावर भागवू नका.

संघटनाच नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 1, नियम 8 खाली काहींना सर्वांच्या वतीने दावा करता येतो, पण कोर्टाच्या परवानगीने. बाकी सर्वांना कळवण्याचा, गरज पडल्यास वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचा खर्च तुमच्याच माथी. निकाल मात्र वर्गणी बुडवणाऱ्यालाही लागू! हा खर्च आधीच धरा.

खरं घोडं पेंड खातं ते दुकानाच्या परवान्यावर. जुन्या बाजारात परवाना अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असतो. आधी सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण हे सांगणारा नोटरीचा दस्त लागतो, भावंडांत वाटणीचा वाद असेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वाटणीची कारवाई. पंचायतीत ‘फाल्यां यो’ (उद्या ये) ऐकत महिने जातात, म्हणून हे काम वर्गणीच्याही आधी सुरू करा.

मग त्याच संहितेच्या कलम 80 ची नोटीस, म्हणजे दाव्याआधी सरकारला द्यायची सूचना. राज्य सरकारविरुद्ध ती सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची आणि दोन महिने थांबायचं. हे दोन महिने नोटीस पोचल्यापासून मोजतात, पोस्टात टाकल्यापासून नव्हे. 3 जूनला टाकलेली नोटीस 6 जूनला पोचली आणि दावा 4 ऑगस्टला लावला, तर तो घाईचा ठरला. पोचपावती जपा. मुदतीच्या कायद्यात हा नोटिशीचा काळ वगळतात, त्यामुळे घाबरून धावू नका. खरंच तातडी असेल तर कलम 80(2) खाली कोर्टाची परवानगी मागा. पर्वरीच्या उच्च न्यायालयात संविधानाच्या कलम 226 खाली रिट, म्हणजे थेट याचिका करायची तर ही नोटीस लागत नाही. पण नुकसानीचा आकडाच वादात असेल तर रिटमध्ये तो सहसा सुटत नाही.

फी निकालावर ठरवता येत नाही. ‘जिंकलो तर टक्केवारी’ हे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी बंद आहे. वकील नसलेल्या तिसऱ्याने पैसा पुरवायला मज्जाव नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटलंय. मात्र करार लेखी हवा.

महिला दुकानदारांनो, मोफत कायदेशीर मदतीला तुम्ही उत्पन्नाची अट न लागता पात्र आहात, पण अर्ज ज्याचा त्याने करायचा. गटाला ती मिळत नाही.

हिशेब बँक खात्यातून ठेवा. एका गटाची वही मी पाहिली: ‘कोपऱ्यावरचा 5, फुलवाली 5, चुलतभाऊ नंतर’. दोघे भांडून निघाले तेव्हा पाच शंभर की पाच हजार, यावरच दुसरं भांडण. मध्येच सोडणाऱ्याला किती परत, हरल्यास समोरच्याचा खर्च कोण भरणार, हे पहिल्याच पावतीच्या मागे लिहून सह्या घ्या.