डब्यावरचा ‘ड्रोमेडरी’ म्हणजे कोणता उंट?
(उंटिणीचं दूध घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या काउंटरवर हा प्रश्न आता रोजचा झाला आहे. पावडरचा डबा उलटा करून मागचं बारीक छापलेलं वाचायचं, ‘ड्रोमेडरी’वर बोट ठेवायचं आणि विचारायचं, “हे काही वेगळं आहे का हो?”

नाही. ड्रोमेडरी म्हणजे एका मदारीचा, पाठीवर एकच उंचवटा असलेला उंट. आपण ज्याला नुसतं उंट म्हणतो, तोच. चौपाटीवर पोरांना फिरवून आणणारा, राजस्थानात गाडा ओढणारा, कच्छमध्ये चरणारा, सगळे याच जातीचे. जगातल्या दर दहा उंटांमधले नऊहून जास्त हेच. शास्त्रीय नाव कॅमेलस ड्रोमेडेरियस, स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली दिलेलं. इंग्रजी नावाचं मूळ ग्रीक, अर्थ ‘धावणारा’. आधी ते फक्त स्वारीच्या वेगवान उंटाला लावत. आपल्याकडे टपाल घेऊन दौडणारी सांडणी असायची, तसं. पुढे ते अख्ख्या जातीला चिकटलं.

तेव्हा हा शब्द सोनेरी अक्षरांत छापून कोणी चार पैसे जास्त मागत असेल, तर देऊ नका. आपल्याकडे बाजारात येणारं उंटिणीचं दूध ड्रोमेडरीचंच असतं.

दुसरा उंट दोन मदारींचा, बॅक्ट्रियन. तो मध्य आशियातल्या थंड मुलखातला, अंगाने केसाळ. भारतात तो पाहायचा तर लडाखच्या नुब्रा खोऱ्यात, हुंदरच्या वाळूत जावं लागतं. नावांचा घोळ होत असेल तर इंग्रजी कॅपिटल डी आडवा पाडा, एक उंचवटा दिसेल. बी आडवा पाडा, दोन दिसतील. मागे एका पुरवठादाराने पाऊचवर दोन मदारींचा उंट छापून पाठवला होता. दूध कच्छचं, उंट लडाखचा!

मदारीत पाणी असतं असं अजूनही पुष्कळांना वाटतं. तिथे असते चरबी. चारा मिळेनासा झाला की ती खर्ची पडते आणि मदार एका बाजूला लोंबायला लागते. पाण्याची काटकसर उंट वेगळ्या रीतीने करतो. त्याच्या अंगाचं तापमान दिवसभरात ३४ पासून ४० अंशांच्या वर जाऊ शकतं, त्यामुळे घाम उशिरा येतो. तहानलेला उंट पाण्यावर आला की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पिऊन टाकतो. त्याच्या तांबड्या रक्तपेशी लांबट गोल असतात. एवढं पाणी एकदम आलं तरी त्या फुगतात, फुटत नाहीत.

आम्हाला स्वतःला सगळ्यात कौतुक कच्छच्या खाराई उंटाचं. हा पोहतो. भरतीच्या पाण्यातून मान वर काढून कळपच्या कळप खाडीतल्या बेटांवर जातात आणि तिथली तिवरं खातात. तिवर म्हणजे तेच झाड, जे ऐरोलीच्या पुलावरून जाताना खाली ठाणे खाडीत दिसतं. २०१५ मध्ये खाराईला ड्रोमेडरीतलाच वेगळा वाण म्हणून सरकारी मान्यता मिळाली. फकीरानी जत आणि रबारी ही मालधारी, म्हणजे जनावरं पाळून जगणारी मंडळी हे उंट पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. पण एकूण उंटच कमी होत चालले आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात चार लाख होते, २०१९ मध्ये अडीच लाख राहिले. ट्रॅक्टर आणि टेम्पो आल्यावर ओझ्याचं काम गेलं, चराऊ रानंही आटली. दुधाला गिऱ्हाईक मिळालं तर मालधाऱ्याला कळप ठेवणं परवडतं, हे आमचं प्रामाणिक मत. आम्ही दूध विकतो म्हणून ते आमच्या सोयीचंही आहे.

आता दुधाबद्दल. चव किंचित खारट, दूध पातळ, हलवलं की फेस भरपूर. चहा-कॉफीला छान चालतं. दही मात्र घट्ट लागत नाही. विरजण टाकून रात्रभर ठेवलं तरी सकाळी ताकासारखंच दिसतं. दूध बिघडलं असं समजून परत आणू नका, त्यातली प्रथिनंच तशी असतात. लोणी काढायच्याही नादी लागू नका.

गाईच्या दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन यात नसतं. म्हणून गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या काहींना ते सोसतं. पण सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा. लॅक्टोज यातही असतं, ते ज्यांना पचत नाही त्यांनी जपून. एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी हे देऊ नये. आणि “याने शुगर जाते ना?” असं विचाराल, तर आमचं उत्तर नाही असंच आहे. मधुमेहाच्या गोळ्या आमच्या भरवशावर बंद करू नका. व्हॉट्सॲपवर कोणी काहीही पाठवो, ते उंटावरून शेळ्या हाकणं झालं.

गोठवलेली बाटली आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. सुटल्यावर दूध फुटल्यासारखं, थराथराचं दिसेल. नीट हलवा, एक होतं. दोन दिवसांत संपवा, पुन्हा गोठवू नका. कच्चं दूध कुठून मिळालं तर उकळल्याशिवाय पिऊ नका. पावडर कोमट पाण्यात आधी थोडी कालवून मग उरलेलं पाणी घाला, नाहीतर गुठळ्या होतात. डब्यात ओला चमचा नको.

उन्हाळ्यात माल कमी येतो. घोडबंदर रोडकडच्या मंडळींनी तेव्हा आदल्या दिवशी दुपारपर्यंत फोन केला, तर बाटली बाजूला काढून ठेवता येते.