‘तंत्र’ या शब्दाची पुण्यातली पत

लोकप्रिय कादंबरीकाराने ‘मी कसं लिहितो’ हे सांगायला घेतलं, की पुण्यातल्या श्रोत्यांत हमखास दोन तट पडतात. कुणी वही काढतो, कुणी गालात हसतो. लेखनाच्या तंत्राला, म्हणजे कारागिरीला, असं हसण्याला बराच जुना इतिहास आहे.

सुरुवात छापखान्यातून झाली. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातून क्रमशः येऊ लागली. दर आठवड्याला मजकूर द्यायचा, वाचकाला पुढच्या अंकापर्यंत धरून ठेवायचं, आणि मागचा हप्ता छापून गेलेला, म्हणजे दुरुस्तीला वावच नाही. हरिभाऊंची रचना सैल आणि पाल्हाळिक असल्याचं समीक्षक सांगत आले. मला मात्र त्या पाल्हाळातच नायिका यमूचा आवाज सापडतो. माजघरात बसून मनातलं बोलणारी बाई मुद्देसूद कशी बोलेल? हप्त्यांच्या या रहाटगाडग्यात हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, हेही खरं.

कारागिरीची उघड चर्चा केली ती ना. सी. फडक्यांनी. हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, आणि खपाच्या कादंबऱ्या लिहिणारे. १९३१ मध्ये त्यांचं ‘प्रतिभासाधन’ आलं. मेख नावातच होती: प्रतिभेला साधनेची जोड देता येते. गुंतागुंत, उत्कंठा, उकल हे शब्द मग मराठीच्या तासाला मुलं घोकू लागली. वि. स. खांडेकरांशी जोडला जाणारा ‘कला कलेसाठी की जीवनासाठी’ हा वाद गाजला खूप, पण लिहायला बसलेल्याला त्यातून फारसं हाती लागलं नाही.

या तंत्राला खरा फटका बसला तो १९४५ नंतर. ‘सत्यकथा’ मासिकातल्या नवकथाकारांनी घोटीव कथानक नाकारलं आणि ‘तंत्र’ ही जवळजवळ शिवीच झाली. ‘तांत्रिक लेखक’ म्हटलं की निकाल लागला!

पुण्याचे प्रकाशक रा. ज. देशमुख यांनी मात्र दोन्ही दरडींवर पाय ठेवले. १९६२ मध्ये त्यांनी रणजित देसाईंची ‘स्वामी’ काढली आणि १९६३ मध्ये भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’. पहिलीत पेशवाईचं आखीवरेखीव नाट्य. दुसरीत खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, आणि फडकेशाही कथानकाला सरळ सोडचिठ्ठी. दोन्ही पुस्तकं अजून वाचली जातात.

सुहास शिरवळकरांच्या वाट्याला समीक्षकांचं हसणंही फारसं आलं नाही. त्यांच्याकडे दुर्लक्षच झालं. रहस्यकथांवर हात बसलेल्या या पुणेकराची ‘दुनियादारी’ कॉलेजच्या कट्ट्यावर घडते. प्रकरण कुठे तोडायचं हे त्यांना नेमकं कळत होतं. वाचनालयांतल्या त्यांच्या पुस्तकांची पानं सुटलेली, बांधणी दोन-दोनदा केलेली. मलपृष्ठावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं असतं: ‘रात्री सुरू करू नये.’