उणे चाळीस अंशांत तगणारा ओक

मुंबईत सांताक्रूझ येथे आजवर नोंदले गेलेले नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस असून ती नोंद २२ जानेवारी १९६२ची आहे. साहजिकच सोसायटीच्या आवारात झाड लावताना ते थंडीत जगेल का, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. गुलमोहर लावावा की बहावा, एवढ्यावरच वाद होतो. पार्ले-मुलुंडच्या ज्या घरांतील मुले अमेरिकेतील मिनेसोटा किंवा कॅनडातील मॅनिटोबात स्थायिक झाली आहेत, त्यांना मात्र अंगणातील सावलीसाठी ओक निवडताना सुरुवात किमान तापमानापासून करावी लागते.

कडाक्याच्या थंडीत झाडाला खरा धोका असतो तो जिवंत पेशींच्या आत बर्फ होण्याचा. ओकच्या लाकडातील जिवंत पेशींमधले पाणी शून्याच्या बरेच खाली गेले तरी गोठत नाही, कारण बर्फाचा पहिला स्फटिक ज्याभोवती धरावा, असा कण त्याला तिथे सापडत नाही. या अतिशीत अवस्थेलाही मर्यादा आहे. उणे ४० अंशांच्या आसपास शुद्ध पाणी अशा कणाविनाच गोठते. पेशीरसात विरघळलेल्या द्रव्यांमुळे ही मर्यादा थोडीफार खाली सरकते, इतकेच. उत्तर अमेरिकेतील अनेक पानझडी वृक्षांची उत्तर सीमा याच तापमानाशी बरीचशी जुळते, हा योगायोग नाही.

दुसरी अडचण पाणी वाहून नेण्याची. ओकच्या वसंतातील जलवाहिन्या इतक्या रुंद असतात, की फांदी आडवी कापली तर त्यांची छिद्रे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. हिवाळ्यात त्यांतील पाणी गोठताना विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, बर्फ वितळल्यावर हे बुडबुडे फुगतात आणि पाण्याचा स्तंभ तुटतो. म्हणून ओक दर वसंतात नव्या वाहिन्यांचे कडे घडवतो आणि त्यानंतरच त्याची पालवी पूर्ण उमलते. शेजारचा बर्च हिरवा झाला तरी ओक उघडाबोडका दिसतो, त्यामागे हेच कारण असते. तेवढ्यावरून झाड गेले, असे समजू नये.

अशा हवामानासाठी माझी पहिली पसंती बर ओकला, म्हणजे क्वेर्कस मॅक्रोकार्पाला. अमेरिकी कृषी खात्याच्या नकाशातील तिसऱ्या विभागात, जिथे वार्षिक नीचांकी तापमानाची सरासरी उणे ४० ते उणे ३४ अंशांदरम्यान असते, तिथेही तो तगतो. जाड, बुचासारख्या सालीमुळे तो गवताळ प्रदेशातील वणव्यांतून वाचत आला आहे आणि चुनखडीयुक्त मातीही त्याला चालते. मात्र त्याचा नैसर्गिक विस्तार थेट टेक्सासपर्यंत असल्यामुळे रोप उत्तरेकडील बियांपासून तयार केलेले आहे ना, हे रोपवाटिकेत विचारून घ्यावे. जात एकच असली तरी दक्षिणेतील बियांच्या झाडात तितका काटकपणा नसतो.

पाणी साचणाऱ्या, आम्लधर्मी जमिनीसाठी स्वॅम्प व्हाइट ओक बरा, पण थंडी सोसण्यात तो बर ओकच्या किंचित मागे आहे. पिन ओक चुनखडीच्या मातीत लोह शोषू शकत नाही. त्याच्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. रेड ओक झपाट्याने वाढतो आणि शरदात सुरेख तांबडा होतो, तरीही ‘ओक विल्ट’ हा बुरशीजन्य रोग जिथे पसरला आहे, तिथे तो मी लावणार नाही. या रोगाने रेड ओक काही आठवड्यांत वाळून जातो. बर ओक त्यामानाने बराच काळ टिकाव धरतो.

सोटमूळ खोल जात असल्यामुळे लहान रोप घेणे श्रेयस्कर. त्याचा बुंधा जिथे मुळांकडे रुंदावतो, तो भाग जमिनीच्या वरच राहू द्यावा; आपल्याकडे पदपथावरील झाडांना काँक्रीटने गळ्यापर्यंत बुजवतात, तसे मातीनेही करू नये. हिवाळ्यात ससे कोवळी साल कुरतडतात, त्यासाठी बुंध्याभोवती जाळी हवी. छाटणी हिवाळ्यातच करावी, कारण एप्रिल ते जुलै या काळात ताज्या जखमेतील रसाकडे येणारे भुंगेरे ओक विल्टची बुरशी सोबत घेऊन येतात.