वास येईपर्यंत थांबू नका

"वास आला ना, की आम्ही लगेच बाहेर निघून येतो," रामबागेतल्या एका ताईंनी मला सांगितलं. इंदूरच्याच एका खासगी रुग्णालयाच्या सीएसएसडीत, म्हणजे शस्त्रक्रियेचं सामान निर्जंतुक करणाऱ्या विभागात, त्या कित्येक वर्षं काम करताहेत. हे त्या इतक्या भरवशानं म्हणाल्या की पुढचं सांगणं मला जड गेलं. त्यांच्या मशीनमध्ये जो ईटीओ, अर्थात इथिलीन ऑक्साइड वापरतात, त्याचा गोडसर वास आपल्या नाकाला कळतो तो हवेतलं प्रमाण काही शे पीपीएमवर गेल्यावर. आणि आठ तासांच्या पाळीसाठी सरासरी मर्यादा आहे 1 पीपीएम. अमेरिकेत 1984 मध्ये ती कायद्यानं ठरली.

1 पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. दहा फूट लांब, रुंद आणि तेवढीच उंच खोली डोळ्यांसमोर आणा. तिच्यात साधारण 28,000 लिटर हवा असते. त्यात 28 मिलिलिटर वायू मिसळला की मर्यादा गाठली. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला दहा मिलिलिटरचं टोपण असतं, तशी तीन टोपणंही भरत नाहीत!

मग असला वायू वापरतातच कशाला? ऑटोक्लेव्हमधल्या, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या मशीनमधल्या, 121 अंशांच्या वाफेनं स्टीलच्या कात्रीला काही होत नाही, पण कॅथेटर आणि प्लास्टिकच्या बारीक नळ्या वाकड्यातिकड्या होतात. ईटीओचं काम 37 ते 63 अंशांत भागतं. तो उकळतोच 10.7 अंशांना; इंदुरात जानेवारीतल्या एखाद्या कडाक्याच्या पहाटे द्रव राहील तेवढाच. त्याच्या रेणूत दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन त्रिकोणात अवघडून बसलेले असतात. तो त्रिकोण फुटायलाच टेकलेला असतो, आणि फुटला की समोर येईल त्या प्रथिनाला, डीएनएला चिकटतो. म्हणून चिवट जिवाणूसुद्धा मरतात. आणि म्हणूनच श्वासावाटे आत गेला की आपल्या पेशींच्या डीएनएवरही तो तसाच चिकटतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 1994 मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. त्याच्या बारा वर्षं आधी, 1982 मध्ये, फिनलंडच्या रुग्णालयांतला एक अभ्यास आला होता. गरोदरपणात रासायनिक निर्जंतुकीकरणाचं काम करणाऱ्या बायकांमध्ये गर्भपाताचं प्रमाण 16.7 टक्के आढळलं, हे काम न करणाऱ्यांमध्ये 5.6 टक्के. एका अभ्यासानं सगळं सिद्ध होत नाही, हे खरं. तरी दिवस गेलेल्या बाईला या खोलीतून दुसरीकडे काम द्यायला मला एवढं पुरेसं वाटतं.

खरा धोका मशीनची सायकल, म्हणजे निर्जंतुकीकरणाची एक फेरी, संपल्यावर दार उघडताना असतो. हा वायू प्लास्टिकच्या आत मुरतो, आणि मुरलेला सावकाश बाहेर पडत राहतो. त्यासाठी सामान 50 ते 60 अंशांच्या गरम हवेत आठ ते बारा तास ठेवावं लागतं. याला एरेशन म्हणतात. नेमकं इथंच घाईचं घोडं आडवं येतं. वरून ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, फोन येतो, "अर्जंट केस आहे, सेट पाठवा," आणि कोणीतरी ट्रे तसाच हातात घेऊन निघतं. नवी मशीन दार न उघडता आतल्या आत एरेशन करतात. जुन्या मशीनचं दार आधी थोडंसं किलकिलं करून पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबायची पद्धत आहे. ती पंधरा मिनिटं कोणीही, कितीही मोठ्या डॉक्टरांनी, कमी करू नयेत.

ताई तोंडाला हिरवा सर्जिकल मास्क लावतात. तो थुंकीचे थेंब अडवतो, वायू अडवत नाही. एन 95 सुद्धा नाही. तो धूळकणांसाठी आहे. लॅटेक्सच्या पातळ ग्लोव्हजमधूनही ईटीओ आरपार जातो. भरवसा ठेवायचा तो हवेच्या व्यवस्थेवर: खोलीतली हवा तासाला किमान दहा वेळा बदलावी, ती कॉरिडॉरकडे न जाता बाहेर ओढली जावी, आणि मशीनजवळ मोजणारं यंत्र असावं, जे नाकाच्या कितीतरी आधी वाजेल. कॉलरवर लावायचा छोटा बॅजही मिळतो. पाळीभर लावून तपासला की त्या माणसानं किती वायू घेतला ते कळतं.

याच कामासाठी ईटीओऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरणारी मशीन आता बऱ्याच ठिकाणी आली आहेत. मागे पाणी आणि ऑक्सिजन उरतो, हे चांगलंच. पण त्याच्या वाफेची मर्यादाही 1 पीपीएमच आहे, तेव्हा मोजमाप तिथंही हवं.

भोपाळ इथून दोनशे किलोमीटरच्या आत आहे. 1984 च्या डिसेंबरमधल्या त्या रात्रीनंतर वायूची भीती इंदूरकरांना शिकवावी लागत नाही. मात्र ती एका रात्रीत जीव घेणाऱ्या वायूची भीती आहे. रोज थोडा थोडा श्वासात जाणारा वायू कोणाच्या लक्षातही येत नाही.

ताईंना मी शेवटी विचारलं, तुमच्या मशीनचा एक्झॉस्टचा पाइप कुठं निघतो? त्यांना सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागे जाऊन पाहिलं आणि मला फोन केला. पाइप पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली संपतो, आणि खाली बाकावर पेशंटचे नातेवाईक चहा पीत बसलेले असतात. तो गच्चीच्या वर न्यावा, असा अर्ज आम्ही दोघांनी मिळून त्याच संध्याकाळी लिहिला.