शेंदणे, रहाट, पाट, पाऊस : ख्रिस्ती जीवनातील वाढीच्या टप्प्यांची पार्श्वभूमी

‘आध्यात्मिक वाढीचे सात टप्पे’, ‘परिपक्वतेच्या पाच पायऱ्या’ असे तक्ते ख्रिस्ती मंडळ्यांच्या (स्थानिक चर्चच्या) अभ्यासवर्गांत आता सर्रास वाटले जातात. तक्ता हातात पडला की माणूस आधी आपण कितव्या पायरीवर आहोत ते शोधतो. ज्या परंपरेतून हे तक्ते आले, तिथे मात्र ते साधकाने स्वतःला लावून पाहण्यासाठी नव्हते. वैद्याने नाडी पाहावी तसा मार्गदर्शक त्यांचा उपयोग करी: गाडे कुठे अडले, का अडले, आता पथ्य काय सांगायचे. बहुतेक नवे तक्ते निघाले तेही आधीची व्यवस्था कुठेतरी कोलमडली म्हणून.

नव्या करारात वाढीची भाषा भरपूर आहे, पण एकच ठरलेला जिना नाही. पौल करिंथकरांना सांगतो की तुम्हाला दूध पाजले, जड अन्न दिले नाही. इब्री लोकांस पत्रात तर हेच रागावून म्हटले आहे: एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवे होते, आणि तुम्हाला पुन्हा दूधच लागते. उलट पेत्राच्या पहिल्या पत्रात दुधाची इच्छा धरा असा सरळ उपदेश आहे. योहान मुले, तरुण आणि बाप अशा तिघांना वेगवेगळे लिहितो. पायऱ्यांच्या सर्वांत जवळ जाणारा उतारा पेत्राच्या दुसऱ्या पत्रातला: विश्वास, सात्त्विकता, ज्ञान, इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम, प्रीती. तिथे क्रियापद ‘भर घाला’ असे आहे, ‘चढा’ असे नाही. मागची गोष्ट सोडून पुढची घ्यायची, हा अर्थ नंतर चिकटला.

पहिली खरी टप्पेवारी शहरांतल्या मंडळ्यांनी केली, ती निव्वळ गरजेपोटी. छळाच्या काळात आला त्याला लगेच बाप्तिस्मा देणे परवडणारे नव्हते. रोमच्या हिप्पोलितसच्या नावावर असलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या नियमावलीत (ती त्याचीच का, यावर वाद आहे) उमेदवाराने तीन वर्षे वचन ऐकावे असे सांगितले आहे. आधी धंदा विचारायचा. नट किंवा ग्लॅडिएटर असेल तर त्याने काम सोडावे, नाहीतर त्याला परत पाठवावे. मूर्तिकाराने मूर्ती घडवणे थांबवावे. मात्र उमेदवार मनापासून झटत असेल तर काळ न मोजता वागणूक पाहावी, हेही तिथेच लिहिले आहे. बाप्तिस्म्यासाठी निवड करताना विचारायचे ते काय, तर विधवांना मान दिला का, आजाऱ्यांच्या भेटीला गेला का. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमला गेलेल्या इजेरिया या यात्रेकरू बाईने तिथली पद्धत लिहून ठेवली आहे: ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात रोज सकाळी तीन तास शिकवण, पाच आठवडे पवित्र शास्त्र, त्यानंतर विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची ठरलेली कबुली. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांचा गूढार्थ मात्र ईस्टर झाल्यावरच उलगडायचा. आधी अनुभव, मग अर्थ.

ही घडी मोडली ती यशामुळे. ३१३ साली रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, त्यानंतर ख्रिस्ती होण्यात धोका उरला नाही, आणि उमेदवारांची गर्दी झाली. बाप्तिस्म्यानंतरच्या मोठ्या पापाला जाहीर, कडक आणि आयुष्यात एकदाच मिळणारे प्रायश्चित्त होते, म्हणून माणसे बाप्तिस्माच पुढे ढकलू लागली. खुद्द सम्राट कॉन्स्टंटाइनने तो ३३७ साली मृत्युशय्येवर घेतला. पुढे तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा रूढ झाला, आणि तीन वर्षे ऐकायला माणूसच उरला नाही.

टप्प्यांचा विचार मग वाळवंटातल्या संन्याशांमध्ये जगला. बीज आधीच पडले होते. ओरिगेन या धर्मपंडिताने तिसऱ्या शतकात बायबलमधल्या गणना ग्रंथाच्या तेहतिसाव्या अध्यायातले इस्राएलचे ४२ मुक्काम घेऊन प्रत्येकात आत्म्याच्या प्रवासाचा एक टप्पा वाचला होता. त्याचा धागा पकडला इवाग्रिअसने. इजिप्तमधल्या केल्लिया या वस्तीत राहून ३९९ साली वारलेल्या या संन्याशाने वाटेचे तीन भाग केले: आचरण, सृष्टीच्या अंतरंगाचे चिंतन आणि देवाचे ज्ञान. त्याचे खरे कसब पहिल्या भागात दिसते. खादाडपणा, काम, लोभ, खिन्नता, क्रोध, कंटाळा, मिरवण्याची हौस आणि गर्व असे आठ विचार त्याने एखाद्या रोगनिदानासारखे मांडले. कंटाळ्याचे वर्णन पाहावे. हा दुष्ट विचार सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दुपारी दोनपर्यंत ठाण मांडतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. संन्यासी सारखा खिडकीकडे पाहतो, बाहेर येऊन जेवणाच्या वेळेला, म्हणजे तीनला, किती अवकाश आहे ते सूर्यावरून ताडतो. मग त्याला जागा नकोशी होते, हातातले काम नकोसे होते, बांधवांत प्रेम उरले नाही असे वाटू लागते. उपाय एकच: खोली सोडायची नाही. जागा बदलली की रोग बरा झाला असे वाटते, पण तो सामानाबरोबर पुढच्या मुक्कामी येतो.

ही यादी कासिअन या संन्याशाने आजच्या फ्रान्समधल्या मार्सेय शहरी नेली, आणि पोप थोरल्या ग्रेगरीने तिची फेरमांडणी करून पश्चिमेला सात प्रमुख पापे दिली. पूर्वेकडे सातव्या शतकात सिनायच्या योहान क्लिमाकसने ३० पायऱ्यांची शिडी लिहिली. आकडा येशूच्या अप्रकट आयुष्यातल्या ३० वर्षांवरून घेतलेला. सिनायच्या संत कॅथरिन मठात या शिडीचे बाराव्या शतकातले एक चित्र आहे. त्यात रांगेने चढणाऱ्या संन्याशांना काळी, इवलीशी भुते दोऱ्या टाकून खाली ओढताहेत.

आज सगळीकडे दिसणारी शुद्धी, प्रकाश आणि ऐक्य ही त्रयी ५०० च्या आसपास दियोनिसियस या टोपणनावाने लिहिणाऱ्या अज्ञात लेखकाची. गंमत अशी की त्याच्याकडे हे कालक्रमाने येणारे टप्पे नव्हतेच. ती उपासनेतली तीन कामे होती: शुद्ध करणे डीकनचे (धर्मगुरूच्या खालचा सेवक), प्रकाश देणे धर्मगुरूचे, पूर्णत्वाला नेणे बिशपचे. तेराव्या शतकात बोनाव्हेंचर या धर्मपंडितानेही तिन्ही वाटा एकाच वेळी चालायच्या असेच मांडले. वयाची उपमा घेऊन नवशिके, प्रगत आणि परिपूर्ण अशी उतरंड स्पष्ट केली ती त्याच शतकातल्या थॉमस अक्विनासने: पहिल्याची धडपड पापापासून सुटण्याची, दुसऱ्याची चांगुलपणात वाढण्याची, तिसऱ्याची देवाला बिलगून राहण्याची. नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी दोन्ही त्रयी एकमेकींवर बसवल्या आणि एक सरळसोट जिना तयार झाला. मराठी वाचकाला इथे दासबोधाच्या पाचव्या दशकातले बद्ध, मुमुक्षू, साधक, सिद्ध आठवतीलच. साम्य आहे; पण ख्रिस्ती मांडणीतल्या ‘परिपूर्ण’ माणसाचीही प्रभूच्या प्रार्थनेतल्या ‘क्षमा कर’ पासून सुटका नसते.

या जिन्यात पुन्हा जीव आणला तो सोळाव्या शतकातल्या स्पेनने. अविलाच्या तेरेसा या संन्यासिनीने १५६० च्या दशकात लिहिलेल्या आत्मचरित्रात बागेची उपमा घेतली, आणि ती विहिरीवर पाणी भरलेल्या कोणालाही कळेल. बागेला पाणी चार प्रकारे देता येते. पहिला प्रकार विहिरीतून हाताने शेंदण्याचा: कष्ट जास्त, पाणी कमी. ही नवशिक्याची प्रार्थना. मन आवरायचे, ते पळणार, पुन्हा आणायचे. दुसरा रहाटाचा: चाक फिरवावे लागते, पण तेवढ्याच श्रमात पाणी जास्त येते आणि मधे दम खाता येतो. मन इथे आपोआप शांत होऊ लागते. तिसऱ्यात ओढ्याचे पाणी पाटाने बागेत येते. माळ्याने ते फक्त वळवायचे. चौथा पाऊस. त्यात माळ्याचे काहीच नाही.

तेरेसाचा अनुभव बोलतो तो पहिल्या पाण्याबद्दल. पोहरा सोडावा आणि विहीर कोरडी निघावी, असे दिवस येतात. हात उचलवत नाही असेही येतात. तरी विहिरीवर जात राहायचे, कारण फुले जगवणे हे बागेच्या मालकाचे काम. इथे दोन चुका होतात. एक, विहीर आटली म्हणून बाग सोडून देणे. दुसरी अधिक सभ्य दिसते: पावसाची वाट पाहत पोहरा खाली ठेवणे. प्रार्थनेत काही न करता नुसते बसले की आपण वरच्या टप्प्यावर गेलो, असे समजणाऱ्यांना तिने चांगलेच फटकारले आहे. १५७७ साली लिहिलेल्या पुस्तकात तिने बागेऐवजी सात दालनांचा किल्ला घेतला. त्यातही पहिले दालन आत्मज्ञानाचे, आणि ते कधी सुटत नाही.

पण कोरडेपणा आळसाचा की देवाने आणलेला, हे ओळखायचे कसे? तिचा सहकारी क्रूसाचा योहान याने तीन खुणा सांगितल्या. देवाच्या गोष्टींत गोडी नाही, आणि जगाच्या गोष्टींतही नाही. आपण मागे पडतो आहोत याची सतत टोचणी आहे. पूर्वीसारखे चिंतन कितीही प्रयत्न केला तरी जमत नाही. तिन्ही एकत्र हव्यात. फक्त तिसरी असेल तर मन विचलित असेल किंवा हयगय होत असेल. टोचणीच नसेल तर तो कोमटपणा. कशातच गोडी नाही एवढेच असेल तर कदाचित आजारपण. तिन्ही असतील तर चिंतनाची जबरदस्ती थांबवून देवापुढे शांत, प्रेमळ लक्ष देऊन राहावे. या अवस्थेत ‘आणखी जोर लावा’ सांगणाऱ्या मार्गदर्शकांना तो लोहाराची उपमा देतो: हातोडा मारण्यापलीकडे त्यांना काही येत नाही.

त्याच काळात येशू संघाचा (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस याच्या ‘आध्यात्मिक साधना’ (छापील आवृत्ती १५४८) मठाबाहेरच्या माणसालाही घेता येऊ लागल्या. साधारण ३० दिवस, चार ‘आठवडे’. पण आठवडा म्हणजे सात दिवस नव्हे, फळ मिळेल तसा तो लांबवायचा किंवा आखडायचा. उदासीच्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलू नये, हा त्यातला सर्वांत उपयोगी नियम. याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. तिथल्या साष्टी भागात बाप्तिस्मा आधी झाला होता आणि शिकवण मागून द्यायची होती. १६१६ साली रायतूरला छापलेले त्यांचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ आणि त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली आलेली कोकणी प्रश्नोत्तरी ही त्या उलट्या क्रमाची भरपाई म्हणून वाचता येतात.

प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने शिडीच नाकारली. १५१७ साली त्याने मांडलेल्या पंचाण्णव सूत्रांपैकी पहिल्यातच विश्वासणाऱ्याचे सगळे आयुष्य पश्चात्तापाचे असावे असे आहे. नीतिमान आणि पापी माणूस एकाच वेळी असतो. पण वाढीचा प्रश्न मिटला नाही, त्याची भाषा बदलली: पाचारण, नीतिमान ठरणे, पवित्रीकरण, गौरव.

या वाढीला व्यवस्था दिली ती इंग्लंडमधल्या मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने, आणि तीही कर्जापायी. १७४२ साली ब्रिस्टलच्या सभागृहाचे देणे फेडायला प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, आणि साधारण बारा जणांमागे एकाने ती गोळा करावी, असे ठरले. घरोघर फिरणाऱ्यांना कोणाचे काय चालले आहे ते दिसू लागले. वसुलीची साप्ताहिक फेरी पुढे आत्म्याच्या विचारपुशीची बैठक झाली, तोच ‘क्लास’. त्यात यायला अट एकच, येणाऱ्या क्रोधापासून पळण्याची इच्छा. त्याच्या आत ‘बँड’ होते: लहान गट, स्त्रिया वेगळ्या, पुरुष वेगळे, विवाहित वेगळे. तिथला नेहमीचा प्रश्न असे: मागच्या भेटीनंतर कोणती पापे जाणूनबुजून केलीस? घसरलेल्यांसाठी वेगळा गट होता आणि पुढे गेलेल्यांसाठी वेगळा. तिमाही तिकीट नवे मिळाले नाही की माणूस बाहेर. यंत्रणा बिघडली ती वरच्या टोकाला. आपण परिपूर्ण झालो असे सांगणाऱ्यांपैकी जॉर्ज बेल याने लंडनमध्ये २८ फेब्रुवारी १७६३ ला जगाचा अंत होणार असे जाहीर केले, आणि वेस्लीला उघड विरोध करावा लागला.

वेस्लीच्या वारशातूनच ‘दुसरा आशीर्वाद’, म्हणजे विश्वास ठेवल्यानंतर पवित्रतेचा आणखी एक वेगळा अनुभव येतो, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात पसरली, आणि तिचा एक ठळक अध्याय पुणे जिल्ह्यातला आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, हे सुमारे आठ वर्षांनी कळले, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. जून १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींमध्ये तासन्‌तास प्रार्थना, पापकबुली आणि रडणे सुरू झाले. तिथल्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर १९०६ साली पुस्तिका लिहिली. ती चिलीतल्या एका मेथडिस्ट मिशनरी कुटुंबाच्या हाती पडली, आणि तिथल्या पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या) चळवळीच्या उगमाशी तिचे नाव जोडले गेले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टप्पे मानसशास्त्राच्या हाती गेले. अमेरिकन अभ्यासक जेम्स फाउलर याने १९८१ साली श्रद्धेच्या सहा अवस्था मांडल्या. कॅथलिक चर्च मात्र मागे वळले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली प्रौढांची बाप्तिस्म्यापूर्वीची उमेदवारी पुन्हा सुरू करण्याचा आदेश दिला आणि १९७२ साली तिचा विधी आला: चौकशीचा काळ, शिकवणीचा काळ, उपवासकाळातली शुद्धी, आणि बाप्तिस्म्यानंतर ईस्टरच्या हंगामात गूढार्थाची उकल. शिकवणाऱ्यांची नेहमीची तक्रार या शेवटच्या काळाबद्दल असते. बाप्तिस्मा झाला, फोटो झाले, आणि वर्ग रिकामा. जेरुसलेममध्ये बिशप ईस्टरच्या आठवड्यात हाच भाग समजावून सांगू लागले की ऐकणाऱ्यांच्या टाळ्या आणि आवाज चर्चच्या बाहेरपर्यंत ऐकू येत, असे इजेरियाने लिहिले आहे.