रील बिग फिश : अल्बमांची वाटचाल

रील बिग फिश हा कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन बीच इथे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला उभा राहिलेला विनोदी स्का-पंक बँड. गायक-गिटारवादक ॲरन बॅरेट सुरुवातीपासून टिकून आहे, बाकीचे वादक येत-जात राहिले. जमैकात उगम पावलेल्या स्कामध्ये गिटारचा झणत्कार मुख्य ठोक्यावर न येता दोन ठोक्यांच्या मध्ये पडतो. त्या उसळत्या लयीला पंक या आक्रमक रॉकचा वेग मिळाला आणि १९९०च्या दशकात अमेरिकेत स्काची तिसरी लाट आली. हा बँड त्याच लाटेतला.

‘एव्हरीथिंग सक्स’ (म्हणजे ‘सगळेच भिकार’, १९९५) हा पहिला अल्बम त्यांनी स्वतःच काढला. मोजो रेकॉर्ड्स या कंपनीच्या ‘टर्न द रेडिओ ऑफ’ने (१९९६) त्यांना घराघरांत पोचवले. त्यातल्या ‘सेल आउट’चा नायक फास्ट फूडच्या नोकरीला कंटाळलेला आहे आणि रेकॉर्ड कंपनी भरपूर पैसे देईल या भरवशावर करारावर सही करायला निघाला आहे. गाणे सोहळ्याच्या थाटात वाजते, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन नाचायला लावतात, आणि त्या आनंदातच टोमणा दडलेला असतो. कंपन्यांची टर उडवणारे हेच गाणे कंपनीच्याच जोरावर १९९७ मध्ये रेडिओवर गाजले. सूर हसरा आणि मजकूर कडवट, हा बॅरेटच्या गीतलेखनाचा गाभा इथेच पक्का झाला.

‘व्हाय डू दे रॉक सो हार्ड?’मध्ये (१९९८) प्रसिद्धीनंतरची चिडचिड आहे. वादनाच्या दृष्टीने हा त्यांचा सर्वांत भरगच्च अल्बम म्हणावा लागेल. त्याच वर्षी ‘बेसकेटबॉल’ चित्रपटात बँड झळकला आणि आ-हा या नॉर्वेजियन बँडच्या ‘टेक ऑन मी’चे त्यांचे रूप लोकप्रिय झाले. पुढे स्काची लाट ओसरली. ‘चिअर अप!’ (२००२) रॉककडे झुकला, तर ‘वी आर नॉट हॅपी टिल यू आर नॉट हॅपी’मध्ये (२००५) ‘डोन्ट स्टार्ट अ बँड’ असा थेट इशाराच आहे. विनोदाचा रोख आता या धंद्यात मुरलेल्या स्वतःवरच वळला होता.

त्यांचे अल्बम काढणाऱ्या जाइव्ह या रेकॉर्ड कंपनीशी संबंध तुटल्यावर बँड पुन्हा मोकळा झाला. ‘मंकीज फॉर नथिंग अँड द चिम्प्स फॉर फ्री’मध्ये (२००७) पहिल्या अल्बममधली काही गाणी नव्याने वाजवलेली आहेत. २००९ मध्ये इतरांच्या गाण्यांचा अल्बम आला. २०१०च्या ‘अ बेस्ट ऑफ अस फॉर द रेस्ट ऑफ अस’साठी त्यांनी आपलीच जुनी गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ‘कँडी कोटेड फ्युरी’ (२०१२), म्हणजे साखरेत घोळलेला संताप, हे नाव तर त्यांच्या साऱ्या कामाचे अचूक वर्णन ठरते.

२०११ मध्ये ट्रम्पेटवादक-गायक स्कॉट क्लॉपफेनस्टाइन आणि २०१३ मध्ये ट्रॉम्बोनवादक डॅन रेगन बाहेर पडले. त्यामुळे ‘लाइफ सक्स, लेट्स डान्स!’ (२०१८) बऱ्याच नव्या चमूने वाजवला. पहिल्या अल्बमच्या नावातली तक्रार इथेही आहे, पण तिच्यामागोमाग नाचाचे आमंत्रण येते.