मोरपंखी झाक म्हणजे झिलईची झीज

फिरोजी रंगाची, फूटभर उंच, मध्ये किंचित कंबर असलेली बरणी. खाली वर्णन: ‘रक्का, सीरिया, 12वे-13वे शतक. अखंड. सुंदर मोरपंखी झाक.’ जुन्या वस्तूंच्या विक्रीत असं वर्णन वरचेवर दिसतं. गिऱ्हाईक भुलतं ते या रंग पालटणाऱ्या झाकेला, आणि कुंभाराने भट्टीतून काढली तेव्हा त्या बरणीवर ती झाक नव्हतीच.

बरणीचं अंग साध्या मातीचं नसतं. ते गारगोटीच्या मिश्रणाचं असतं. इराणमधल्या काशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने 1301 साली अशा मिश्रणाची कृती फारसीत लिहून ठेवली आहे: दहा भाग गारगोटीचं पीठ, एक भाग दळलेली काच, एक भाग पांढरी माती. भट्टी बारा तास धगधगती ठेवायची आणि आठवडाभर निवू द्यायची. वर बसते ती गारगोटी आणि वनस्पतींच्या राखेतल्या सज्जीखाराची (सोड्याची) काचेसारखी झिलई. त्यात तांबं घातलं की फिरोजी रंग येतो. तेच तांबं शिशाच्या झिलईत हिरवं दिसतं. सज्जीखाराची झिलई निवताना फार आकसते. साध्या मातीवर ती तडकते, सुटते. गारगोटीचं अंगही बरंच आकसत असल्याने दोघांचं जमतं. मात्र माती इतकी कमी असल्यामुळे हे मिश्रण चाकावर नीट उभं राहत नाही. म्हणून पुष्कळ भांडी साच्यात तुकड्यांनी काढून जोडत. बरणीत बोट घालून सांधा लागतो का ते पाहावं, आणि बुडाची उघडी कड भिंगाखाली धरावी. ती पांढरट, साखरेसारखी रवाळ दिसायला हवी. गुळगुळीत, तांबूस माती दिसली तर वर्णनातलं ‘रक्का’ तिथेच संशयास्पद ठरतं.

(चौल आणि संजाणच्या उत्खननांत मिळालेली फिरोजी झिलईची खापरं वेगळी. ती त्याआधीची, इराकच्या बाजूने समुद्रमार्गे आलेली आणि पिवळसर मातीची आहेत.)

आता ती झाक. ओल्या जमिनीत शतकानुशतकं पडून राहिलेल्या झिलईतून पाणी सोडियम आणि पोटॅशियम ओढून नेतं. मागे सिलिकाचे, म्हणजे गारगोटीच्या मूळ द्रव्याचे, अतिशय पातळ पापुद्रे उरतात. त्यांच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग उठून दिसतात, काही विझतात. म्हणजे ही झाक झिलईची झीज आहे. ती ओल्या फडक्याने पुसू नये, तेलाने उजळवू नये. पापुद्रा निघाला की परत येत नाही. खोटी झाक ॲसिड लावून किंवा रंग फवारून आणतात. खरी बहुधा ठिकठिकाणी, कमी-जास्त जाड असते आणि कडांना सुटत असते. सगळीकडे एकसारखी झाक मला तरी संशयास्पद वाटते.

‘अखंड’ या शब्दावर तर विश्वास ठेवूच नये. 1900च्या आसपास रक्क्याच्या ढिगाऱ्यांतून निघालेली असंख्य भांडी व्यापाऱ्यांनी खापरं जुळवून, रंगवून विकली. काही वेळा तोंड एका भांड्याचं, बूड दुसऱ्याचं. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावला की जोडायला वापरलेली जुनी लाख नारिंगी उजळते, आधुनिक इपॉक्सी गोंद बहुधा निळसर पांढरा दिसतो आणि दुरुस्तीच्या रेषा उघड्या पडतात. टिचकीच्या आवाजावर भरवसा नको. हे अंग सच्छिद्र असल्याने धड बरणीही बद्द वाजते.

वयासाठी थर्मोल्युमिनेसन्स चाचणी करतात. भट्टीत खनिजांतली साठलेली ऊर्जा निघून जाते आणि मग नैसर्गिक किरणोत्सारामुळे पुन्हा साठू लागते. बुडातून चिमूटभर भुकटी काढून तापवली की ती ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. भांड्याच्या वयात सुमारे 20 टक्के चूक धरावी लागते. 800 वर्षांच्या बरणीत ती 160 वर्षं होते. शंभर वर्षांपूर्वीची नक्कल सहज ओळखू येते, 1150 की 1250 हे कळत नाही. भुकटी बुडाची असेल तर वय बुडाचं. म्हणून वरचा नमुनाही मागावा. आतले जोड पाहायला सीटी स्कॅन करायचा असेल तर या चाचणीनंतर. क्ष-किरणांनी त्या साठ्यात भर पडते.

पण या सगळ्याच्या आधी कागद मागावेत. संयुक्त राष्ट्रांच्या 2015च्या 2199 क्रमांकाच्या ठरावानुसार 15 मार्च 2011नंतर सीरियातून बेकायदा बाहेर काढलेल्या सांस्कृतिक वस्तूंच्या व्यापाराला बंदी आहे. त्या तारखेआधीपासून बरणी बाहेर होती याचा पुरावा विक्रेत्याने दाखवायला हवा. भारतात 1972चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंच्या विक्रीला परवाना मागतो आणि खासगी निर्यात होऊ देत नाही.

आपल्याकडे कोकणपट्टीत अशी बरणी सांभाळताना खरा शत्रू मीठ. जमिनीतले क्षार सच्छिद्र अंगात मुरलेले असतात. हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की साधं मीठ ओल धरून विरघळतं. खाली आली की त्याचे स्फटिक बनतात आणि झिलई आतून उचलतात. पावसाळा आणि हिवाळा मिळून दरवर्षी हे करतात. पाण्यात बुडवून मीठ काढायचा मोह आवरावा, कारण जुना सरस विरघळून जोड सुटतात. हे काम जतनतज्ज्ञाचं. घरी तिला बंद काचपेटीत, सिलिका जेल आणि आर्द्रतामापकासह, 50 टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवावं. उचलताना दोन्ही हात बुडाखाली. कान किंवा कड धरून कधीच नाही, कारण दुरुस्ती बहुधा तिथेच झालेली असते.